खिरीचं घर

भैयाजींनी माझं गाव विचारलं. मी सांगितलं. मग घर गावाच्या कोणत्या अंगाला ते विचारलं. तेही सांगितलं, की आमगावकडून येताना पहिलंच, मोहाच्या झाडाखालचं. तेव्हा त्यांनी मांडीवर हात मारला आणि बाजूला पान लावत बसलेल्या केशोरावांना म्हणाले, "घ्या केशोराव, खिरीचं घर आलं."

केशोराव हसले. चुन्याचं बोट तसंच वर धरून ते माझ्याकडे पाहू लागले. मला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या घराविषयी बोलत आहेत. आमच्या घरी खीर सणालाच व्हायची, तीही गुळाची आणि पातळ. मी म्हणालो, "नाई जी, आमचं घर नसन ते. तुम्ही चुकून राहिले."

"चुकतो कायले?" भैयाजी म्हणाले. "मोहाचं झाड. खाली लाल बैलाची जोडी. अन् एक उंच बाई, कपाळावर गोंदलेली, पुढचा एक दात तुटका. तुझीच ना?"

माझीच होती. दात बाळंतपणात आकडी आली तेव्हा तुटला होता. परक्या माणसाच्या तोंडून तो दात ऐकून मला कसंसं झालं, जसं आपल्या घरातली वस्तू बाजारात दुसऱ्याच्या हातात दिसावी.

हे झालं गोंदियाला, समाजाच्या बोर्डिंगच्या ओसरीवर. जूनचे दिवस होते. खेड्यातली आमची मुलं या बोर्डिंगात राहून शाळा शिकतात. मॅट्रिक झाल्यावर ज्याला नागपूरला कॉलेजात जायचं आहे आणि घरून होत नाही, त्याला समाजाच्या फंडातून फी आणि खाणावळ मिळते. दरसाल थोड्याच मुलांना मिळते, मागणारे पुष्कळ असतात. भैयाजी त्या फंडाचे सेक्रेटरी. केशोराव पंचांपैकी एक, जुने मालगुजार. मालगुजारी गेली, बसायची तऱ्हा गेली नाही. माझा धाकटा सेवकराम मॅट्रिक पास झाला होता. सरकारकडून काही मिळेल का म्हणून मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, आपण आधी मध्यप्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आलो, कोणता कागद कुठं जातो ते साहेबालाही कळत नाही, तू समाजाकडेच जा. म्हणून मी त्याला घेऊन आलो होतो. दुपारी पंचांची बैठक होती. मी गोंदियातच राहतो, एका राइस मिलमध्ये पोती शिवतो. बायको गेल्यावर शेती भावाला ठेक्यानं दिली आणि सेवकला घेऊन मिलच्या मागच्या खोलीत आलो. दिवसभर दाभण आणि सुतळी. पोतं भरतं, तोंड शिवायचं, पुढचं ओढायचं. माणूस गेल्यावर असं काम बरं असतं. फक्त भोंगा वाजला की हात थांबतात, आणि मग कोणाच्या घरी जायचं ते पुन्हा आठवावं लागतं.

भैयाजींना गोष्ट सांगायची हौस. ओसरीवर आणखी दोघंतिघं पंच बसले होते, त्यांच्याकडे वळून ते सांगू लागले. मी पायरीवर होतो, सेवक माझ्या मागे उभा. आम्हाला तिथून उठवावं असं कोणाला वाटलं नाही.

"आमची रीत तुम्हाला माहीत आहे," भैयाजी म्हणाले. "अर्ज करणाऱ्याच्या घरी चौकशीला गेलो की आपण कोण ते सांगत नाही. सांगितलं की लोक भांडी लपवतात, बायका फाटकं नेसून बसतात. तेव्हा ह्याच्या मोठ्या मुलाचा अर्ज होता. आम्ही दोघं छकड्यातून गेलो. धोतर, पांढरी टोपी. घरी बाई एकटी. म्हटलं, पाणी पाजा, बाई. मग सहज विचारलं, शेती किती, भाऊ एकत्र की वेगळे, मुलगा काय शिकला, स्वभावानं कसा आहे. बस्. बाईचा चेहराच बदलला. पदर डोक्यावर घेतला, आत गेली, खाटेवर नवी चादर आणून टाकली. केशोराव माझ्या कानात म्हणतात, भैयाजी, बाई आपल्याला सोयरे समजून राहिली."

"अन् हे म्हणतात, समजू द्या," केशोराव म्हणाले.

"मग काय? खरी माहिती अशीच निघते. बैल कोणाचे विचारलं, म्हणे आपलेच होत जी. धान किती होते विचारलं, म्हणे ढोली वरपर्यंत भरते, कमी नाई पडत. केशोराव भारी बदमाश. विचारतात, बाई, सुनेला धानाच्या रोवणीला पाठवाल का बांधीत? बाई म्हणते, नाई जी, माही सून चिखलात कायले जाईन, थे घर सांभाळन. मग हे म्हणतात, आमची मुलगी जरा लाडाची आहे."

ओसरीवरचे सगळे हसले. केशोरावांना पाच मुलगे आहेत, मुलगी नाही.

"मुलगी गोरी आहे म्हणून मी सांगितलं," भैयाजी म्हणाले. "तर बाईनं जेवल्याशिवाय जाऊच दिलं नाही. पुऱ्या तळल्या अन् चिन्नोर तांदळाची खीर. केशोरावांनी दोनदा मागून घेतली."

"खीर झकास होती. खोटं कायले बोलू," केशोराव म्हणाले, आणि त्यांनी पान तोंडात घातलं.

मी पायरीवर बसून राहिलो. उन्हात बोर्डिंगच्या मुलांची धोतरं वाळत होती. मला राग आला असं म्हणता येणार नाही. राग नंतर येतो. आधी मला तो दिवस आठवायला लागला, आणि आठवताना कळलं की माझ्याकडे जो दिवस होता तो खरा नव्हताच. त्या दिवशी मी आमगावला गेलो होतो. मास्तरांना विचारायला गेलो होतो, की मोठ्याच्या, भोजराजच्या अर्जाचं काय झालं, बोर्डिंगचे लोक चौकशीला कधी येतील. मास्तर म्हणाले, येतील, घरी असत जा. मी चालत घरी आलो. भोजाची माय ओसरी सारवत होती, भर दुपारी, पाहुणे उठून गेल्यावर सारवतात तशी. मी विचारलं, कोणी आलं होतं काय. ती म्हणाली, दोन माणसं वाट चुकून आली होती, पाणी पिऊन गेली. मी पाय धुतले आणि आत गेलो. घरात तळणाचा वास होता. तो मला आला होता, हे आता आठवतं. तेव्हा मी काहीच विचारलं नाही, कारण दमलो होतो, आणि घरात तळणाचा वास येणं ही काही दुःखाची गोष्ट नाही.

मी तिला सांगितलं होतं की बोर्डिंगचे साहेब येतील. माझा शब्द चुकला असं नाही, पण साहेब म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर पँट आली असणार, चपराशी आला असणार, हातात कागद आला असणार. आले ते धोतर नेसून आणि छकड्यातून. आमच्याकडे धोतर नेसून छकड्यातून जे दोघं येतात, पाणी मागतात, आणि शेती किती भाऊ किती विचारतात, ते मुलीकडचे असतात. दुसरं कोणी असं विचारत नाही. आणि मुलीकडच्यांची एक रीत आहे. घर पसंत नसलं तर ते पाणी पितात आणि उठतात. पसंत असलं तरच जेवतात. नापसंत घरचं अन्न खाल्लं तर मुलीला दोष लागतो म्हणतात. ही रीत भैयाजींना माहीत होती. केशोरावांना तर नक्कीच माहीत होती. तरी त्यांनी जेवून घेतलं, दोनदा मागून. ते जेवत होते तेव्हा तिला वाटत असणार, झालं, जमलं.

दूध कुठून आणलं असेल? आमच्याकडे तेव्हा गाय नव्हती. भाऊ खुशालची गाय होती, त्याची बायको रुख्मा हिच्याकडून आणलं असणार, आणि तिलाही काही खोटं सांगून. चिन्नोर मात्र आमचा होता. बांधीच्या एका कोपऱ्यात एवढासा लावायचो, तो मडक्यात ठेवलेला असायचा. काही दिवसांनी मी मडकं उघडलं तर बुडाला मूठभर. मी विचारलं, चिन्नोर कुठं गेला. ती म्हणाली, "उंदरानं नेला." मी संध्याकाळभर कोपऱ्यातली बिळं चिखलानं बुजवत बसलो. तिनं मला चिखल मळून दिला. मी म्हणालो, मोठा उंदीर दिसते. ती म्हणाली, "हो जी, दोन होते." आणि पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, मी गुडघ्यावर रांगतो म्हणून हसते. मीही हसलो. आमच्या संसारात ती संध्याकाळ मला चांगली म्हणून आठवायची. ती गेल्यानंतरही मी ती संध्याकाळ काढून पाहत असे. आता त्यात हे दोघं येऊन बसले.

तिनं मला सांगितलं का नाही, ते मला माहीत आहे. सोयरिकीची गोष्ट पक्की होईपर्यंत आईनं नवऱ्यालाही सांगू नये, नजर लागते, असं तिच्या माहेरी होतं. ती थांबली होती. त्या वर्षभर ती थांबली होती, आणि मी तिच्याबरोबर एकाच घरात राहत होतो. दर बाजाराच्या दिवशी ओसरी सारवायची. भिंतींना छुईची पांढरी माती लावायला तिनं मला लावलं, दिवाळी लांब असताना. भोजराजला रोवणीत चिखलात उतरू द्यायची नाही, म्हणायची, त्याच्या पायाला भेगा पडतात. मी चिडायचो. म्हणायचो, तो साहेब झाला काय? ती म्हणायची, होईन. मग एक दिवस मास्तरांनी सांगितलं की भोजराजचं फंडात बसलं नाही. कारण सांगितलं नाही. भोजराज त्या दिवशी जेवला नाही. मी ओसरीवर डोकं धरून बसलो. ती आली आणि म्हणाली, "जाऊ द्या जी. बोर्डिंगवाल्याइनं नाई शिकवलं त दुसरा कोनी शिकवन." मी म्हणालो, "कोण? तुहा बाप?" ती मनात म्हणत असणार, त्याचा सासरा. पांढऱ्या टोपीचा, छकड्याचा, पोट भरून खीर खाणारा सासरा जावयाला नागपूरला पाठवील. मी मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला होता, तिनं खीर केली होती. दोन्ही एकाच गोष्टीसाठी. आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातात पडलं.

भोजराज आता तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर मजुरांची हजेरी मांडतो. मायच्या तेराव्याला आला होता, त्यानंतर आला नाही. तो म्हणतो, तुम्ही कोणाच्या पाया पडला नाहीत म्हणून माझं झालं नाही.

ती गेली ते रोवणीच्या दिवसांत, तापानं. धानाचे पऱ्हे रोवायला उपटून ठेवले होते, ते तसेच पिवळे पडले. शेवटच्या दिवशी ती मला ओळखत होती आणि नव्हतीही. मधेच डोळे उघडून म्हणाली, "दूध लागलं होतं काय जी?" मला वाटलं, तापात बोलते. घरात दूधच नव्हतं. मी म्हणालो, नाई, नाई लागलं. ती म्हणाली, "मले वास आला होता. थे लोक मनून नाई आले मंग." मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली. कोण लोक, असं मी विचारलं नाही. तापातल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. म्हणजे दोन वर्षं ती हेच शोधत होती, की काय चुकलं. खीर करपली असेल, मुलीकडच्यांना वास आला असेल, तोंडावर बोलले नाहीत, म्हणून परत आले नाहीत. दात तुटका आहे म्हणून असेल. चादर नवी होती पण तिला एक भोक होतं. अशी एकेक गोष्ट ती पारखत असणार, आणि मी शेजारी झोपलेला.

खीर झकास होती. आता मला ते माहीत आहे, आणि सांगायला कोणी नाही.

"तर सांगायचं असं," भैयाजी आता माझ्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज कामाचा झाला, "तुझं घर सधन म्हणून आमच्याकडे नोंदलेलं आहे. मोठ्याला त्यामुळेच नाही म्हटलं. धाकट्याला हो कसं म्हणणार? उद्या लोक विचारतील."

मी म्हणालो, "बैल माह्या भावाचे होते जी. आमच्या मोहाखाली सावली, मनून बांधायचा. ढोलीत अर्धेही धान नव्हते."

"मग बाई खोटं बोलली."

"सोयरे समजून बोलली जी."

"समजून बोलली की न समजता, खोटंच ना? हे बघ, शालीकराम. मुलगा हुशार आहे, माझं मन वाईट नाही. तू बैठकीत उभा राहा. पंचांसमोर सांग, की माझ्या बायकोनं चौकशीच्या वेळी खोटं सांगितलं. मग मागची नोंद रद्द करता येते. त्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत."

"तुम्ही त होते ना जी तिथं. तुम्हाले मालूम होतं का थे सोयरे समजून राहिली. तुम्हीच सांगा ना."

केशोराव पिंक टाकायला उठले. "मी कायले सांगू?" भैयाजी म्हणाले. "गरज तुला आहे का मला?"

बैठकीला वेळ होता. मी आणि सेवक बाहेर पडलो. रेल्वेच्या पुलाजवळ हॉटेलात जाऊन बसलो. त्याच्यासाठी भजी सांगितली, मी चहा घेतला. पलीकडच्या बाकावर दोन बिडी ठेकेदार हिंदीत भांडत होते, तेंदूच्या पानावरून. सेवक भजी खात होता. त्याला भूक लागली होती, सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याची हनुवटी तिच्यासारखी आहे, चावताना जास्त दिसते. मला वाटलं, तो काही बोलेल. त्यानंही सगळं ऐकलं होतं. ती खीर केली तेव्हा तो शाळेत होता. मी विचारलं, "तुले आठवते काय गा, मायनं खीर केली होती थे?"

"हो," तो म्हणाला. "मला वाटीत काढून ठेवली होती. सांगू नको म्हणाली."

"मले तू कधी सांगितलं नाई."

"सांगू नको म्हणाली ना." त्यानं बोटं पुसली. तो आता शाळेतल्यासारखं बोलतो, मिलमधल्या माणसांशीही. मग तो म्हणाला, "बाबा, म्हणून टाका ना. एक वाक्य आहे."

"तुही माय आहे थे."

"मला माहीत आहे. पण ती काही ऐकायला येणार नाही." मग मान खाली घालून म्हणाला, "नाही झालं तर मीही पोती शिवू काय?"

मला त्याला मारावंसं वाटलं. आणि हेही वाटलं, की याच्या जागी ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. म्हणून टाका जी, मले काय होते. ती असंच म्हणाली असती. तिच्या नावावर काहीही खपवा, पोराचं होऊ द्या. पण हे मी ठरवत होतो, तिनं सांगितलेलं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालणं फार सोपं असतं. मी चहा अर्धा ठेवला. जाताना मनात एक उत्तर जुळवलं. पंचांना म्हणायचं, आमच्याकडे भावाच्या बैलाला आपले बैल म्हणतात. आपलेच होत जी, हे खोटं नाही. तुम्हीही म्हणता. आणि मुलीकडच्यांसमोर रिकाम्या ढोलीला रिकामी कोण म्हणतं? तुमच्या घरी म्हणतात काय? एवढं म्हणायचं. त्यांच्यात म्हातारी माणसं आहेत, लेकी-सुनांची घरं पाहिलेली आहेत. समजतील.

बैठक मोठ्या खोलीत होती. सतरंजीवर पंच भिंतीला टेकून बसले होते, आणि दाराकडे आम्ही, मुलांना घेऊन आलेले बाप. आमच्यातल्या पुष्कळांनी मुद्दाम जुनं धोतर नेसलं होतं, ते कळत होतं. एकानं तर मुलाला अनवाणी आणलं होतं, पण त्याच्या पायावर चपलेचे पट्टे गोरे दिसत होते. पंच एकेकाला उभं करून विचारत होते. कोणाला हो, कोणाला पुढच्या साली. माझी पाळी आली तेव्हा भैयाजींनी दोन वाक्यांत प्रकरण सांगितलं. खिरीची गोष्ट सांगितली नाही, पण ओसरीवर जे होते ते एकमेकांकडे बघून हसलेच.

मी उभा राहिलो. म्हणालो, "पंच हो, भावाच्या बैलाले आमच्याकडे आपलेच मनतात. थे खोटं नसते."

"मग आमच्या शेजाऱ्याची मोटार आपलीच म्हणू काय?" कोणीतरी म्हणालं. लोक हसले. माझ्या बाजूचे बापही हसले. त्यांचं बरोबर होतं. माझ्या मुलाला मिळालं तर त्यांच्यातल्या एकाला मिळणार नव्हतं.

मी म्हणालो, "थे सोयरे समजली जी. सोयऱ्याइसमोर—"

"शालीकराम," भैयाजी मधेच म्हणाले, "वेळ नाही. अजून बरेच लोक आहेत. बाई खरं बोलली की खोटं? खरं बोलली तर घर सधन आहे, विषय संपला. खोटं बोलली तर पुढे बघू. एक काहीतरी सांग."

मी सेवककडे पाहिलं. तो सतरंजीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. वर्गात एखाद्याला उत्तर येत नाही तेव्हा शेजारचा मुलगा हलवतो तसे.

"खोटं बोलली," मी म्हणालो.

"कोण?" केशोराव म्हणाले. "नाव घेऊन सांग गा. नोंदीत नाव लागते."

मी लग्नापासून चार माणसांत तिचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडे नवरे घेत नाहीत. घरी मी तिला ऐक म्हणायचो, बाहेर भोजाची माय. लग्नात उखाण्याला अडलो होतो तेव्हा कोणीतरी मागून नाव सांगितलं आणि मी ते पुटपुटलो होतो, ढोलाच्या आवाजात कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. तिला जाळलं तेव्हासुद्धा मी नावानं हाक मारली नाही. बायका मारत होत्या, मी आगीकडे बघत होतो. आता खोली शांत होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एक लिहिणारा टाक उचलून थांबला होता. मला तिचं नाव आठवत होतं, पण ते जिभेवर कसं ठेवायचं ते कळत नव्हतं.

"शामकला," मी म्हणालो.

"शामकला काय?"

"शामकला खोटं बोलली."

टाकाचा आवाज आला. ती खोटं बोलली हे एवढ्या वेळा म्हटलं गेलं होतं, की आता आणखी काही होईल असं मला वाटलं नव्हतं. पण कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे पंच होते, नंदलालजी, ते म्हणाले, "एक गोष्ट आहे, भैयाजी. आपल्या फंडाचा नेम आहे. ज्या घरानं चौकशीत फसवलं, त्या घराला मदत नाही. आता हा स्वतःच फसवलं म्हणून राहिला. मग याला देता कसं येते?"

खोलीत कुजबुज झाली. मी भैयाजींकडे पाहिलं. त्यांना हा नेम माहीत नव्हता असं नाही. ते डोकं खाजवत होते, आणि त्यांच्या तोंडावर ओसरीवरचंच हसू होतं, थोडंसं. मी जे बोललो ते परत घेता येत नव्हतं, आणि त्याच्या बदल्यात काही मिळतही नव्हतं. मागे सेवकचा श्वास मला ऐकू येत होता.

"नेम बरोबर आहे," भैयाजी म्हणाले. "पण फसवलं कोणी? बाईनं. हा त्या दिवशी घरी नव्हता. तर आधी हे सांग, बाई हयात आहे का?"

मी तोंड उघडलं. मला हे सांगायला अजून वेळ लागतो.

"नाही जी," सेवक मागून म्हणाला. तो उभा राहिला होता. "वारली. दोन वर्षं झाली."

"मग काय," भैयाजी म्हणाले, "दोष तिच्यासंगं गेला. लिहा, मंजूर."

वारली म्हणतानाचा सेवकचा आवाज मी ओळखला. मिलच्या दारातून ओरडत तो मला पास झाल्याचं सांगायला आला होता, तेव्हा असाच होता.